झोपलेल्या माणसाचा ऑक्सिजन

आमच्या गावात असं समजतात की ऑक्सिजन लावला की माणूस जातो. हे गावाला आमच्याच घरानं सांगितलं. माझा नवरा आमच्याकडच्या सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनवर असताना गेला, एवढी गोष्ट खरी आहे. पण तो ऑक्सिजननं गेला नाही. ऑक्सिजन मी बंद केला होता. नऊ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. मग गेल्या हिवाळ्यात तीच नळी माझ्या नाकाला लागायची वेळ आली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पत्रं लिहिली तेवढीच, त्यालाही आता वर्षं झाली. रुग्णालयातल्या खरात सिस्टर म्हणाल्या, आजी, जसं बोलता तसं लिहा, पेशंटजवळ बसणाऱ्या लोकांना वाचायला देऊ. म्हणून लिहिते. नातीनं काना-मात्रा बघितल्या. बाकी शब्दाला मी हात लावू दिला नाही.

*

आमचं गाव करमाडच्या पुढं. मुलगा भगवान शेंद्र्याला कंपनीत कामाला आहे. सून सुनीता घर आणि दोन एकर बघते. मला दमा जुना. चाळीस वर्षं चुलीपुढं बसले, धूर कुठं जाणार, आतच गेला.

त्या हिवाळ्यात खोकला लागला तो हटेना. खाटेपासून मोरीपर्यंत जायला मी तीनदा थांबायचे. सुनीता म्हणाली, आत्याबाई, तुमचे ओठ निळे दिसायलेत. मी म्हणाले, ह्या वयात माझे ओठ कोण बघायला येणार आहे. ती हसली नाही. शेजारची रिक्षा घेऊन आली आणि मला उचलून आत बसवलं. मी तिला शिव्या दिल्या. तेवढा दम होता.

डॉक्टर पोरगेला होता. त्यानं बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि तोंड बारीक केलं. छातीचा फोटो काढला. फुप्फुसात न्यूमोनिया झालाय म्हणाला, लगेच ऑक्सिजन लावावा लागेल. तेवढ्यात भगवान कंपनीच्या कपड्यातच धावत आला आणि दारातूनच म्हणाला, "नाय लावायचा."

डॉक्टरनं विचारलं का.

"ह्याच वॉर्डात माझ्या बापाला लावला होता. दोन दिवसांत बाप गेला. आईला मी लावू देणार नाय."

खरात सिस्टर नळी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशीही ड्यूटीवर त्याच होत्या. तेव्हा भगवान त्यांना सगळ्या वॉर्डासमोर वाटेल ते बोलला होता. मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं. दोघींनी नजर दुसरीकडं वळवली.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. दम कमी होता हे खरं, पण एका वाक्यापुरता होता. मी ते वाक्य बोलले नाही. मी म्हणाले, मला घरी घेऊन चल.

डॉक्टर म्हणाला, एक तास लावून बघू, फरक नाही पडला तर काढू. भगवान हटेना. मग सुनीता पुढं आली. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, चार माणसांत नवऱ्याच्या शब्दापुढं गेलेली मी तिला कधी बघितली नव्हती. ती म्हणाली, "तुमी बाहेर बसा. सही मी करते."

नळी लागली आणि डोक्यामागच्या भिंतीवर बाटली बुडबुडायला लागली. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते. हवा थोडी ओली व्हावी म्हणून ती पाण्याच्या बाटलीतून येते, त्याचा सारखा बुडबुड आवाज येतो. नवरा गेल्यापासून मी शिजत्या वरणाजवळ उभी राहिले नाही. सुनीताला वाटायचं सासू कामचुकार झाली. वाटू दिलं.

*

आता त्या दुपारचं सांगते.

उन्हाळा होता. गावात टँकर चालू होते. नवऱ्याला ताप आणि दमा दोन्ही. तीन दिवस तो आडवा झाला नव्हता, बसूनच श्वास ओढायचा, आणि तीन दिवस मीही डोळा मिटला नव्हता. तेव्हा भिंतीत नळ्या नव्हत्या. खाटेजवळ लोखंडी सिलेंडर उभा करायचे. वर एक काचेची नळी, तिच्यात एक बारीक गोळी तरंगायची. हवा चालू असली की गोळी वर, बंद केली की खाली. वॉर्डात काम करणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणायचे. ते मामा बटण कसं फिरवतात हे मी बघून ठेवलं होतं.

सकाळी मामा कुणालातरी सांगत होते की दोनच सिलेंडर राहिलेत, शहरातून गाडी यायची आहे, ती कधी येईल माहीत नाही. ते माझ्या कानात बसलं.

भगवान एक वाजता डबा देऊन गेला. त्यानंतर नवऱ्याला झोप लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा मान उशीवर टेकली, कपाळावरची आठी गेली. मला वाटलं आराम पडला. आणि ती बाटली एकीकडं बुडबुडतच होती. झोपलेल्या माणसाला कशाला, असं मला वाटलं. वाया चाललंय. संध्याकाळी गाडी आली नाही तर रात्रीला काय लावणार?

ज्या गावात माणशी दोन हंडे पाणी मिळतं, तिथल्या बाईचा हात चालू नळाकडं आपोआप जातो. दुसऱ्याच्या दारातला नळ गळत असला तरी मी आत जाऊन बंद करून येते. तसाच हात गेला. गोळी खाली बसली, बुडबुड थांबली. मला बरं वाटलं. खोटं लिहीत नाही, बरं वाटलं. चांगलं काम केल्यासारखं. उठला की लावू म्हटलं आणि खाटेखाली पदर अंथरून पडले.

मला झोप लागली.

जाग आली तेव्हा वॉर्डात गडबड काही नव्हती. मी उठून त्याच्या हाताला हात लावला, आणि मला कळलं. गाई-म्हशी, सासू-सासरे, सगळी मेलेली मी बघितली आहेत, मला डॉक्टर लागत नाही.

पुढचं कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही असं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतं. मी आधी बटण फिरवलं. गोळी वर गेली, बाटली बुडबुडायला लागली. मग मी हाक मारली.

सिस्टर पळत आल्या. त्यांनी बघितलं की नळी चालू आहे. सगळ्यांनी तेच बघितलं. मेलेल्या माणसाला हवा चालू होती आणि मी बाजूला रडत उभी होते.

भगवाननं गावात येऊन सांगितलं, ऑक्सिजन लावला अन् बाबा गेले. पुढं मोठी साथ आली. मागच्या घरातल्या कडुबाच्या बापाला डॉक्टर ऑक्सिजन लावायला निघाले तेव्हा कडुबानं भगवानला फोन करून विचारलं. भगवान म्हणाला, लावू नको, घरी आण. मी तिथंच भाकरी थापत होते. कडुबाचा बाप घरी आला आणि चौथ्या दिवशी गेला. मी मातीला गेले, घरच्यांना पिठलं-भाकरी नेऊन दिली, आणि बोलले नाही.

त्या दिवसापासून मला दोन माणसं दिसतात. स्वप्नात नाही. मोरीत तोंड धुताना, चहा गाळताना. काही बोलत नाहीत. दोघंही तोंड उघडून श्वास ओढत असतात.

*

एक तास म्हणून लावलेली नळी राहिली. तासाभरात माझ्या ओठांचा रंग फिरला, सुनीतानं भगवानला आत बोलावून दाखवला. तो म्हणाला, बघू उद्या.

रुग्णालयातला दिवस एकसारखा असतो. पहाटे मावशी फरशी पुसतात, मग चिमटा, मग गोळ्या, मग चहा. नळीनं नाक कोरडं पडतं. सुनीता घरून तेलाची बाटली घेऊन आली तर खरात सिस्टर तिच्यावर ओरडल्या, ऑक्सिजनजवळ तेल आणायचं नाही, आग लागेल. मग त्यांनीच ओल्या कापसानं माझं नाक पुसलं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या मुलानं ज्या बाईला चार माणसांत मारेकरी म्हटलं, ती माझं नाक पुसत होती. मी डोळे मिटून घेतले.

वीज गेली की भिंतीतली हवा बंद पडायची. साथीनंतर मोठं मशीन आलंय, पण ते विजेवर. मग सिस्टर पळत जाऊन जुना सिलेंडर उघडायच्या. तेवढ्या वेळात मी बाटलीकडं बघायचे. बुडबुड थांबलेली असायची. मला आवाजाचा त्रास व्हायचा असं आधी लिहिलं. तो थांबला की जे व्हायचं ते मी लिहू शकत नाही.

माझ्या शेजारी रशीदाबी होती, माझ्याच वयाची, तिलाही नळी. म्हणायची, "अपन दोघी एकाच नळावरच्या. भांडन नको, तू भर, मग मी भरते." हसली की तिला खोकला यायचा आणि तिची सून मला रागावायची.

ऑक्सिजन लागला ही बातमी गेल्यामुळं सगळे पाहुणे शेवटचं बघायला आले. माझा धाकटा भाऊ आला तो पिशवी पायात लपवून बसला. माहेरचं लुगडं असणार हे मला कळलं. आमच्यात बाई गेली की माहेरचं लुगडं घालतात. मी त्याला विचारलं, "कोन्त्या रंगाचं आनलंस?" तो रडायला लागला. "हिरवं हाय, अक्का," म्हणाला. मी म्हणाले, मला हिरवं कधी आवडलं होतं का? बदलून आण.

सहाव्या दिवशी भगवान जीप घेऊन आला. गावात लोक म्हणायला लागले होते, सहा दिवस झाले, अजून नळीवरच हाय, आता घरी आणा, घरात तरी जाऊ द्या. डॉक्टरनं सांगितलं, नळी काढली की आकडा लगेच पडतो, अजून चार-पाच दिवस लागतील. भगवान ऐकेना. स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट नेतो, असा कागद असतो. तो कागद त्याच्या हातात आला. फक्त सही राहिली होती.

मी काय विचार केला ते सांगते. मी म्हटलं, बरं झालं. ह्याच नळीवाचून तो गेला, मीही नळीवाचून जाते. फिटलं. हिशेब म्हणून नाही, दमले होते म्हणून. गप्प राहणं मला सवयीचं होतं.

*

त्याच वेळी शहरातल्या कुठल्यातरी कॉलेजची एक मुलगी वॉर्डात फॉर्म भरत फिरत होती. ऑक्सिजनच्या सोयीबद्दल नातेवाईक आणि कर्मचारी समाधानी आहेत का, हे तिला विचारायचं होतं. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "आजी, पेशंटला नाही, सोबतच्यांना विचारायचंय." चांगलं आहे. नळी माझ्या नाकात आणि समाधान त्यांचं.

तिनं आधी खरात सिस्टरना विचारलं. त्या सलाइन लावता लावताच म्हणाल्या, लाईट गेली की मशीन बंद, सिलेंडर उघडायचा पाना मामांच्या खिशात, मामा जेवायला गेलेले, आणि एवढ्या पेशंटना मी एकटी. मुलगी म्हणाली, मग काय लिहू? सिस्टर म्हणाल्या, समाधानी लिहा, दुसरं लिहिलं तर चार कागद अजून भरावे लागतात.

मग ती आमच्या खाटेजवळ आली. सुनीता म्हणाली, आम्ही समाधानी आहोत, यांचे ओठ बघा. भगवान मध्येच बोलला.

"लिवा, नाय समाधानी. माझा बाप ह्याच नळीनं मेला. ते बी लिवा."

मुलीनं विचारलं, काय कारणानं गेले, थोडं सांगाल का, इथं जागा आहे.

"मला काय विचारता? ह्यांना विचारा," तो सिस्टरकडं बोट करून म्हणाला. "तवा ह्याच होत्या."

सिस्टर वळल्या नाहीत. त्यांचा हात सलाइनच्या नळीवर होता तिथंच थांबला. मुलगी लिहायला लागली. तिचं अक्षर चांगलं होतं, मला उलट्या बाजूनं वाचता येत होतं. वडिलांचा मृत्यू, असं तिनं लिहिलं आणि पुढचं लिहायला पेन टेकवला.

बोललेलं वाऱ्यावर जातं, गावात काय, कुणीही काही बोलतं. पण हे कागदावर चाललं होतं. माझं खोटं शहरात जाणार होतं, आणि त्याच्यापुढं ह्या सिस्टरचं नाव लागणार होतं. मी नळी नाकातून ओढली. सुनीतानं परत लावली. मी परत ओढली.

"भगवान, सिस्टरचं नाव घिऊ नको. ती नळी मी बंद केली व्हती."

"कोन्ती नळी?"

"तुझ्या बापाची. त्यो झोपला म्हनून. वाया जाती म्हनून. मंग मला झोप लागली. उठले तर त्यो गेलेला."

दम संपत आला होता, पण अजून राहिलं होतं.

"आन् मी ती परत चालू केली. मंग हाक मारली."

सुनीतानं नळी माझ्या नाकाला दाबून धरली. तिनं ती सोडली नाही. मुलीनं पेन वर उचलला आणि विचारलं की हे लिहायचं का.

भगवान म्हणाला, "बाबा झोपले म्हनून?" एवढंच. मग तो बाहेर गेला. थोड्या वेळानं जीप गेल्याचा आवाज आला. मला वाटलं तो गेला. सुनीता बघून आली. जीप रिकामी परत पाठवली होती आणि तो पायरीवर बसला होता. कागद त्याच्या हातातच होता, सही नव्हती.

*

दुपारी खरात सिस्टर माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या. त्या कधी बसत नाहीत. म्हणाल्या, "मी तेव्हा दुसऱ्या एका बाईच्या डिलिव्हरीत अडकले होते आजी. एक फेरी मारली असती तर ते वाचले असते, असं मला इतकी वर्षं वाटतंय." मग म्हणाल्या, "आणि बंद करू नका हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, ते काय सांगायचं."

मी त्यांची माफी मागितली नाही. कशी मागतात ते मला माहीत नाही. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो काढून घेतला आणि चिमटा बघितला. ठीक आहे म्हणाल्या.

डॉक्टरला मी सरळ विचारलं, मी बंद केला नसता तर तो जगला असता का? तो म्हणाला, सांगता येत नाही. मी म्हणाले, मला गोड बोलू नका. तो म्हणाला, "आजी, गोड नाही, खरंच सांगता येत नाही." त्यानं हो म्हटलं असतं तरी मी सहन केलं असतं. नाही म्हटलं असतं तर झोपले असते.

पुढचे पाच दिवस भगवान रोज कंपनीतून सुटला की यायचा, स्टुलावर बसायचा. माझ्याशी बोलायचा नाही. मी झोपेचं सोंग घेऊन बघायचे. तो माझ्याकडं बघत नव्हता, भिंतीवरच्या काचेच्या नळीतल्या गोळीकडं बघत होता. अकराव्या दिवशी नळी काढली. मी पायांनी चालत रिक्षात बसले. रशीदाबी अजून नळीवर होती. तिनं हात वर केला, मी केला. तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही.

*

जवळ बसणाऱ्या माणसांसाठी लिहायचं ते एवढंच आहे. पेशंट झोपला तर नळी चालू ठेवा. झोपेतही त्याला ती लागते. जागेपणी श्वास ओढायला तो स्वतः झटतो, झोपेत कोण झटणार? पेशंट घास खायला बसला, लघवीला उठला, बरा दिसायला लागला, तरी आपल्या मनानं काढू नका. संपेल अशी भीती वाटली तर सिस्टरला विचारा, त्या ओरडल्या तरी विचारा. बटणाला हात लावू नका. चांगलं करायच्या विचारानं तर अजिबात नको.

आता घरी येऊन दोन महिने झाले. भगवान एकदाच त्या विषयावर बोलला. जेवता जेवता, ताटाकडं बघत म्हणाला, "मी एक वाजता डबा दिऊन गेलो. मला फोन आला तवा सव्वातीन झाले व्हते." मी म्हणाले, मला वेळेचं काही माहीत नाही, मी झोपले होते. तो म्हणाला, "म्हनूनच सांगतोय." मला इतकी वर्षं वाटत होतं की दहा-पंधरा मिनिटांची ती झोप होती.

कडुबाला अजून सांगितलेलं नाही. भगवान म्हणतो नको. हे वाचून कळेल तेव्हा कळेल.

परवा सकाळी आम्ही चहा पीत होतो तेव्हा अजिंठ्याहून भगवानच्या साडूचा फोन आला. त्याच्या आईला तिकडच्या रुग्णालयात नेलं होतं, डॉक्टर ऑक्सिजन लावतो म्हणत होते. साडूनं विचारलं, तुमच्या बापाचं तसं झालं, म्हणून विचारतो, लावू का नको?

भगवाननं बशी खाली ठेवली. तिकडून तो हॅलो हॅलो करत होता, मला इथपर्यंत ऐकू येत होतं.

"लाव," भगवान म्हणाला. "आन् जो जवळ बसंल त्यानं झोपायचं नाय."